मार्सली मॅकनीशचा जामीन

१

वॉल्टर रॅन्काइनचं कोठार जळून खाक झालं, याचं कोरीवेनच्या खोऱ्यात कुणालाही काडीचं दुःख झालं नाही. दुःख झालं ते आळ मार्सली मॅकनीशवर आला याचं. आणि संताप आला तो मला, कारण त्या दोघांमधला हमीचा कागद तिच्या दारात मीच नेऊन दिला होता.

मी नीनियन टोश, शेरीफच्या कचेरीतला शिपाई. कागद घेऊन दारोदार फिरायचं आणि शिव्या खायच्या, हा माझा धंदा. शिव्यांचं काही वाटत नाही. पण हा कागद देताना मात्र माझीच मला लाज वाटली होती.

आमच्या कायद्यात एक सोय आहे. शेजारी आपल्या जिवावर उठलाय अशी धास्ती ज्याला वाटते, त्यानं शेरीफपुढे तशी शपथ घ्यायची. मग त्या शेजाऱ्याला हमी द्यावी लागते की याच्या अंगाला, घरच्या माणसांना, गुराढोरांना, छपराला माझ्याकडून धक्का लागणार नाही. नुसत्या शब्दावर भागत नाही, मागे जामीनदार उभा करावा लागतो. हमी मोडली की जामीनदार बुडाला. याला आम्ही लॉबरोज म्हणतो. दुबळ्यांना आधार म्हणून कुणा शहाण्यानं हा कायदा केला असणार. आणि त्याचा आधार घेतला कुणी, तर स्टर्लिंगहून येऊन खोऱ्यातली निम्मी जमीन खंडानं घेतलेल्या, बैलासारखी मान असलेल्या रॅन्काइननं. धास्ती कुणाची? एका विधवेची!

झालं होतं एवढंच की रॅन्काइननं रातोरात हद्दीचा दगड सरकवून तिचा ओहोळ आपल्या शेतात घेतला. मार्सली फावडं घेऊन गेली, दगड ढकलत मूळ जागी आणला आणि चारचौघांत म्हणाली, "परत इकडे पाय टाकलास तर तंगडं मोडून हातात देईन." एवढ्या वाक्यावर बाबाजी शेरीफपुढे जाऊन थरथरले.

कागद घेतल्यावर तिनं तो वाचला नाही. माझ्यादेखत लोण्याच्या मडक्यावर झाकण म्हणून बांधला. "चांगला जाड आहे," म्हणाली. "तुमच्या शेरीफला सांगा, आणखी असले तर पाठवा."

तिच्यामागे जामीन राहिला फिनले गो, खोऱ्यातला लोहार. हमी मोडली तर त्याची भट्टी, ऐरण, घर सगळं जाणार होतं, आणि हमी मोडणारी म्हणून मार्सलीला जमीनदार वावरातून हाकलणार होता. सही करायला फिनलेला येत नव्हतं. त्यानं काळा अंगठा कागदावर दाबला आणि मला म्हणाला, "ती कुणाचं तंगडं मोडणार नाही. मोडलंच, तर मला आनंद होईल, तेवढी किंमत द्यायला मी तयार आहे."

आणि आता, बेल्टेनच्या सणाच्या सकाळी, मे महिना उजाडता उजाडता, रॅन्काइनचं कोठार पेटलं होतं.

२

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा काळे वासे अजून धुमसत होते. शेरीफसाहेबांनी मला सुनावणीच्या आधी बघून यायला सांगितलं होतं. खरं तर त्यांना दाढदुखीनं काही सुचत नव्हतं. "जा, टोश, कुणी काय पाहिलं ते विचार, आणि मला थोडक्यात सांग," एवढंच ते बोलले.

रॅन्काइन माझी वाटच बघत होता. चर्चच्या पंचायतीतला वडीलधारा पंच म्हणून मिरवणारा माणूस, काळा कोट घालून राखेत उभा होता.

"मी डोळ्यांनी पाहिलंय," तो म्हणाला. "मी आणि पाद्रीबाबा सकाळी टेकडीकडे निघालो होतो."

"टेकडीकडे कशाला?"

"हे रानटी लोक बेल्टेनला वर जाळ करतात ना! चर्चनं कितीदा बजावलं. कोण कोण जातंय ते बघून नावं घ्यायची होती. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, स्तोत्रांचं पुस्तक घरी राहिलं. परत फिरलो. येताना त्या बाईचं दार उघडं. चुलीत पीट, आपली दलदलीतली जळाऊ माती, रसरसलेलं, धुरानं घर भरलेलं. चिमट्यानं पेटतं ढेकूळ उचलून तिनं मडक्यात घातलं. मी म्हटलं, करत असेल काही. पुस्तक घेतलं, पाद्रीबाबांना गाठलं, आणि मागं वळून बघतो तर कोठार पेटलेलं!"

मग त्यानं ते मडकं दाखवलं. कान तुटलेलं, आत दलदलीतल्या पीटचं जळून पांढरं पडलेलं ढेकूळ. कोठाराच्या भिंतीशी सापडलं म्हणे. मडकं मार्सलीचं, हे सगळं खोरं ओळखत होतं. तो तुटका कान तिच्या लग्नातल्या मारामारीत तुटला होता, त्याचे किस्से अजून सांगतात.

"कोठारात काय होतं?"

"जुना पेंढा. नशीब माझं, नांगर आणि बैलांचं सामान मी आदल्याच आठवड्यात घरात आणलं होतं."

"नशीबवान आहात खरे," मी म्हटलं. त्याला ते कौतुकच वाटलं.

त्याची मोलकरीण बेथॉक माझ्यासाठी घरची बियर घेऊन आली. पेला असा आपटला की निम्मी बियर माझ्या बाहीवर. मी तिला विचारलं, "तू कुठं होतीस ग काल सकाळी?"

"घरात," ती म्हणाली.

"मग कोठार पेटताना दिसलं नाही?"

तिनं मालकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पाय आपटत आत निघून गेली.

३

मग मी दारोदार गेलो. पहिला डुगल. हा रॅन्काइनचा नांगऱ्या होता, हिवाळ्यात हाकलून दिलेला. दारूच्या नादात त्यानं रॅन्काइनचं घर जाळायची भाषा केली होती, तीही खूपदा.

"मी जाळलं असतं तर कोठार जाळलं असतं होय?" डुगल हसला. "तो आत झोपलेला असताना घरच नसतं पेटवलं? अहो टोश, माझीही काही इज्जत आहे."

"काल सकाळी कुठं होतास?"

"घरात. खात बसलो होतो. थंड पाण्यात कालवलेलं ओटचं पीठ."

"सकाळच्या गारठ्यात थंड?"

"आवडतं मला," तो म्हणाला, आणि त्याचं हसू मावळलं.

पुढच्या घरातली म्हातारीही घरातच होती. तिनंही थंड पाण्यात कालवलेलं पीठ खाल्लं होतं. त्याच्या पुढच्या घरातल्या नवराबायकोनं सुद्धा. खोऱ्यात एकाएकी सगळ्यांना थंड खायची गोडी लागली होती म्हणायची! मी विचारायचं थांबलो नाही, कारण मला मौज वाटायला लागली होती, आणि थोडा रागही येत होता. माणसं माझ्या तोंडावर खोटं बोलत होती, आणि सगळी एकच खोटं बोलत होती.

कारण बघा. घरं एकमेकांना हाक ऐकू येईल अशी. सगळे जर घरात होते, तर कोठाराला आग लागल्यावर एकही माईचा लाल बादली घेऊन धावला कसा नाही? छप्पर कोसळेपर्यंत तिथं चिटपाखरू नव्हतं. हे मला रॅन्काइननंच सांगितलं होतं, शेजाऱ्यांना नावं ठेवताना. रॅन्काइन नकोसा असला तरी त्या कोठाराच्या बाजूला त्यांचीच छपरं होती. आपलं छप्पर वाचवायला कुणीही धावतं.

म्हणजे सगळे टेकडीवर होते. ते ओळखायला डोकं लागत नाही. बेल्टेनला लोक वर जातात, लाकडावर लाकूड घासून जाळ काढतात, हे आम्हा खालच्या गावातल्यांनाही ठाऊक आहे. चर्चच्या भीतीनं कबूल करत नाहीत, एवढंच.

फिनलेच्या भट्टीवर गेलो. तो घोड्याचा नाल ठोकत होता.

"फिनले, तू तरी खरं बोल. जामीन तू आहेस, सगळं तुझंच जाणार आहे. मार्सली वर होती का सगळ्यांबरोबर?"

त्यानं हातोडा थांबवला नाही. "वर म्हणजे कुठं?"

"मर!" मी म्हटलं. "तुझी ऐरण पुढच्या आठवड्यात रॅन्काइन विकेल, तेव्हा वर म्हणजे कुठं ते कळेल तुला."

"ती खाली होती," तो हळूच म्हणाला. "तिची गाय अडली होती. म्हणून... म्हणून ती खालीच होती. एकटी. आता पुढचं मला विचारू नकोस, नीनियन."

मला हे ऐकायचं नव्हतं. वर असती तर कुणीतरी हिंमत करून तसं सांगितलं असतं. खाली एकटी होती, म्हणजे तिच्या बाजूनं बोलायला गाय सोडून कुणी नव्हतं.

४

मार्सली गोठ्यात वासराला पुसत होती. उंच, हाडापेराची बाई, केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून उठली नाही.

"आलात? या वेळी कागद पातळ दिसतोय."

"कागद नाही आणला. विचारायला आलोय. कोठार तू पेटवलंस का?"

"पेटवायला हवं होतं. पण फिनलेच्या भट्टीवर माझा जीव आहे. तो माणूस माझ्यासाठी अंगठा काळा करून उभा राहिला, आणि मी त्याला बुडवीन?"

"मडकं तुझं आहे."

"कुंपणावर पालथं घातलेलं होतं. कुणीही उचलावं."

मी वासराकडे बघितलं. चांगलं धट्टंकट्टं होतं. गाय मात्र मान टाकून बसली होती. "काय झालं हिला?"

"पोटात कळा येतायत. व्याल्यावर थंड पाणीच पाजावं लागलं, काय करणार..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडून ती पुन्हा वासराला पुसायला लागली.

मी काही गुराखी नाही. पण व्यालेल्या गाईला कोमट पाण्यात पीठ कालवून देतात, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि मार्सली मॅकनीश गुरांच्या बाबतीत हयगय करणारी बाई नव्हे.

"थंड का पाजलंस?"

"वेळ नव्हता."

"गोठ्यापासून चूल चार पावलांवर आहे."

"तुम्हाला माझ्या चुलीचं काय करायचंय?" ती उसळली. "निघा! तुमच्या शेरीफला सांगा, मी नाही पेटवलं. पटलं तर पटलं. मी कुणापुढे नाक घासणार नाही."

जाता जाता मी तिच्या घरात डोकावलो. चुलीचा दगड घासून पांढरा केलेला होता. जाळाखाली राख अशी काहीच नव्हती, चूल कालच लावल्यासारखी. हे मी मागच्या घरांमध्येही पाहिलं होतं, आणि सगळ्या बायका एकदम टापटिपीच्या झाल्या म्हणून मनात हसलो होतो. दाराबाहेर उकिरड्यावर भिजलेल्या राखेचा ताजा ढीग होता.

५

पाद्री क्रॉफर्डबाबांना मी शेवटी भेटलो. कडक माणूस, पण कधी खोटं बोललेला कुणी ऐकला नव्हता. ते रॅन्काइनची तारीफ करत होते.

"या खोऱ्यात देवाला भिऊन राहणारं एकच घर आहे, टोश. त्या दिवशी सकाळी मी इतर दोन घरांच्या दाराशी गेलो, कुणाच्या छपरातून धूर नाही, दारं बंद. रॅन्काइनच्या घरी मात्र चूल ढणढणत होती. त्यानं मला गरम गरम पेज दिली. खोऱ्यातल्या बाकीच्यांनी हा दिवस सैतानाला वाहिलेला असताना, त्या घरात मला ऊब मिळाली."

"कुणाच्याच छपरातून धूर नव्हता?"

"कुणाच्याच नाही. आळशी मेले."

मी टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. माझ्या आजीचं काहीतरी आठवलं. बेल्टेनच्या आधी ती आजोबांवर ओरडायची की जुनी आग विझव, जुन्या वर्षाची पीडा घरात नको. आमच्या खालच्या गावात हे आजोबांबरोबरच संपलं. इथं वर मात्र ते संपलेलं नव्हतं. टेकडीवर नवा जाळ काढायच्या आधी खोऱ्यातल्या प्रत्येक घरानं आपली चूल विझवायची, राख बाहेर टाकायची, दगड घासायचा, आणि वरून नव्या जाळाचा निखारा येईपर्यंत थंड पाणी पिऊन राहायचं. वर्षभर राखेखाली जपलेली आग, जी हिवाळ्यात कुणी विझू देणार नाही, ती या एका सकाळी सगळ्यांनी आपल्या हातानं मारायची.

आणि म्हणून मार्सलीच्या गाईला थंड पाणी मिळालं होतं. चूलच थंड होती हो! रॅन्काइननं ज्या चुलीत रसरसलेलं पीट पाहिलं, त्या चुलीत ठिणगीसुद्धा नव्हती.

मग मडक्यातलं ढेकूळ आलं कुठून? गारगोटीनं ठिणगी पाडून पेंढा पेटवता येतो, पण पीटचं ढेकूळ आतपर्यंत पांढरं व्हायला रात्रभर पेटती राहिलेली चूल लागते. त्या सकाळी तशी चूल सबंध खोऱ्यात एकच होती, आणि तिच्यावर पाद्रीबाबांची पेज शिजली होती. जुन्या पेंढ्याच्या बदल्यात रॅन्काइनला मार्सलीच्या वावरासकट ओहोळ मिळणार होता. पण शेवटी तो परका माणूस! इथं इतकी वर्षं राहून, सगळ्यांची नावं लिहून घेत फिरून, वर जाळ होतो एवढंच त्याला कळलं होतं. खाली चुली विझतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं कुणाच्या घरात डोकावायची तसदी घेतली नव्हती.

मी आनंदानं उडी मारणार होतो. मग लक्षात आलं की हे सांगणार कोण?

६

मी परत मार्सलीकडे गेलो. दार लावून घेतलं आणि जे कळलं ते सांगितलं. ती हातातलं काम सोडून ऐकत राहिली.

"आता तू फक्त शेरीफपुढे म्हणायचं, माझी चूल विझलेली होती. मग शेजारच्यांना विचारतील."

"आणि शेजारचे काय म्हणतील?"

"खरं ते."

"आणि मग पाद्रीबाबा काय करतील?"

पाद्रीबाबा काय करतील हे मलाही माहीत होतं. ज्यांनी चूल विझवली त्यांना गोणपाट घालून चर्चमध्ये सगळ्यांसमोर प्रायश्चित्ताच्या स्टुलावर उभं करतील, एकेकाला, रविवारमागून रविवार. आणि एखाद्या एकट्या विधवेबद्दल, जी त्या सकाळी खालीच राहिली होती, लोक आणखी वाईट शब्द वापरतील. चेटूक म्हणायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही.

"तोंड उघडलंत तर जीभ हासडीन," मार्सली म्हणाली. "माझ्या वावरासाठी मी खोऱ्याला बाजारात उभं करणार नाही."

"वावर तुझं जाईल, पण भट्टी फिनलेची जाईल! त्याचं काय?"

हे मात्र तिच्या काळजाला लागलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "सुनावणीला मी येईन. तुम्ही रॅन्काइनकडून पुन्हा सगळं शपथेवर वदवून घ्या, चुलीसकट. पुढचं माझं मी बघते. तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"काय करणार आहेस?"

"नाक घासणार नाही, एवढं नक्की."

७

कचेरीत मुंगी शिरायला जागा नव्हती. कोरीवेनचं सगळं खोरं खाली उतरलं होतं. शेरीफसाहेब गालाला फडकं बांधून बसले होते, आणि पाद्रीबाबा पुढच्या बाकावर.

रॅन्काइननं शपथ घेतली आणि सगळं पुन्हा सांगितलं. साहेबांना दाढेमुळे फार बोलवत नव्हतं, म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, "तिच्या चुलीत जाळ होता, हे नक्की?"

"शपथेवर सांगतो. घर धुरानं भरलेलं होतं. पीटचं पेटतं ढेकूळ तिनं त्याच चुलीतून उचललं."

"दुसरीकडून आणलेलं असेल?"

"अजिबात नाही. माझ्या डोळ्यांसमोर चुलीतून उचललं."

शेरीफसाहेब मार्सलीकडे वळले. "तुला काय म्हणायचंय?"

ती उभी राहिली. ताठ. "माझी चूल थंड होती. आदल्या संध्याकाळी मी माझ्या हातानं विझवली, राख बाहेर टाकली. त्या सकाळी माझ्या घरात गाईला द्यायला कोमट पाणी नव्हतं, तर कोठार जाळायला निखारा कुठला?"

"का विझवलीस?" शेरीफनी विचारलं.

"बेल्टेन होतं म्हणून. माझी आई विझवायची, म्हणून मी विझवते. फक्त मीच. बाकी खोऱ्यात असलं कुणी करत नाही. जी काय शिक्षा असेल ती मला द्या."

पाद्रीबाबा ताडकन उठले. "ऐकलंत? भर कचेरीत! उघड उघड!"

रॅन्काइनचा चेहरा क्षणभर पडला. पण लगेच त्याला वाट दिसली. "थापा मारतेय, साहेब! जीव वाचवायला काहीही बोलतेय. आगीशिवाय घर ठेवतं का कुणी? ती स्वतःच म्हणते ना, दुसरं कुणी करत नाही? विचारा ना सगळ्यांना! एकानं जरी म्हटलं की त्या सकाळी आपली चूल विझलेली होती, तर मी तक्रार मागे घेतो!"

आणि तो मागं वळून सगळ्यांकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, इथं पाद्री बसलेत, कोण हूं की चूं करणार?

मार्सलीनं मागं बघितलं नाही. कुणी तिच्यासाठी उठू नये असं तिला वाटत असावं.

फिनले उठला. "माझी भट्टी थंड होती," तो म्हणाला. "नुसती चूल नाही. भट्टी सुद्धा. मी स्वतः पाणी ओतलं."

"बस खाली, मूर्खा!" मार्सली ओरडली.

"का बसू? जामीन मी आहे तुझा. जामिनाचं काम उभं राहायचं असतं."

मग डुगल उठला. "माझीही थंड. थंड पीठ खाऊन माझं पोट बिघडलं त्या दिवशी, तेही लिहून घ्या." लोक हसले, आणि हसता हसता उठत गेले. म्हातारी उठली. नवराबायको उठले. भिंतीला टेकलेले पुढे आले. "माझी थंड." "आमची थंड." पाद्रीबाबा एकेकाकडे बघत होते.

सगळ्यात शेवटी बेथॉक पुढे आली. "आमच्या घरची मात्र पेटलेली होती, साहेब. मी विझवायला गेले तर मालकांनी हात धरला; का विझवतेय ते मी सांगितलं नाही. पेज मीच शिजवली. मग मी टेकडीवर पळाले. मालकांनी नोकरीवरून काढलं तरी हरकत नाही, आजपासून मीच तिथं जाणार नाहीये."

"पाद्रीबाबा," मी म्हटलं, "त्या सकाळी तुम्ही गरम पेज खाल्लीत ना?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं. पण खोटं त्यांना बोलता येत नव्हतं. "खाल्ली. रॅन्काइनच्या घरी."

"आणि बाकी कुठल्या छपरातून धूर?"

"नव्हता," ते म्हणाले. "कुठल्याच नाही. मार्सली मॅकनीशच्याही नाही." आणि बोलता बोलताच त्यांना कळलं असावं, कारण ते रॅन्काइनपासून बाकावर थोडे दूर सरकले. "पुस्तक आणायला हा परत गेला होता. पण आला तेव्हा पुस्तक त्याच्या हातात नव्हतं. मी विचारलं नाही."

रॅन्काइन घाईनं म्हणाला, "मग... मग माझ्याच धुराड्यातून ठिणगी उडाली असेल! वारा होता!"

"आणि उडून मडक्यात जाऊन बसली?" मी विचारलं. "कान तुटलेल्या मडक्यात? मग तुम्ही शपथेवर पाहिलेली बाई कोण होती, वॉल्टरसाहेब?"

बैलासारखी ती मान कोटात खाली खाली जात होती.

शेरीफसाहेबांनी गालावरचं फडकं सोडलं आणि तक्रार फेटाळली. खोट्या शपथेबद्दल रॅन्काइनवर वेगळा खटला चालेल असं सांगितलं. मग मार्सलीला विचारलं, "आता तुला याची धास्ती वाटते का?"

"मला?" ती म्हणाली. "याची? मुळीच नाही. पण माझ्या गुरांना वाटते."

"मग याच्याकडून हमी घ्या," शेरीफ म्हणाले. "रॅन्काइन, तुझ्यामागे जामीन कोण राहील?"

रॅन्काइननं खोऱ्यातल्या प्रत्येक तोंडाकडे बघितलं. सगळे अजून उभेच होते, आणि एकही पुढे आला नाही. जामीन नाही म्हणून शेरीफसाहेबांनी त्याला कोठडीत घातलं. तिथं नेताना दार मीच उघडून धरलं. एवढा मान कुणाला दिला नव्हता.

८

मार्सलीचं वावर राहिलं, फिनलेची ऐरण राहिली. पण पाद्रीबाबा विसरणारे नव्हते. चर्चच्या पंचायतीचा हुकूम निघाला की ज्यांनी ज्यांनी कचेरीत कबुली दिली, त्यांनी रविवारी प्रायश्चित्ताला उभं राहावं. सगळ्यांसमोर, लाज वाटेस्तोवर.

मी त्या रविवारी मुद्दाम वर गेलो. चर्चचं दार उघडं होतं. आत गेलो तर बाकं रिकामी. एकही माणूस बसलेला नाही. सगळं खोरं पुढे उभं, प्रायश्चित्ताच्या स्टुलाभोवती, भिंतीला लागून, खिडकीपर्यंत. चर्चकडे गोणपाटाचा झगा एकच होता, म्हणून प्रत्येकानं घरून ओटची पोती आणून खांद्यावर टाकली होती. बेथॉक होती, डुगल होता, म्हातारीला दोघांनी धरलं होतं. मार्सली मधोमध, आणि तिच्या शेजारी काळ्या हातांचा फिनले.

बाकांवर बसून बघायला, बोट दाखवायला, मान हलवायला कुणी उरलंच नव्हतं.

पाद्रीबाबा प्रवचनाच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी एकदा त्या रिकाम्या बाकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी एकटाच बसू शकलो असतो. मी शेरीफचा माणूस, माझी चूल त्या दिवशी पेटलेलीच होती. पण त्या बाकावर एकट्यानं बसणं माझ्याच्यानं झालं नसतं. मी टोपी काढली, दारामागचं एक रिकामं पोतं उचलून खांद्यावर टाकलं, आणि पुढे जाऊन उभा राहिलो.

"तुमची कुठं विझली होती?" मार्सली माझ्या कानात पुटपुटली.

"गप उभी राहा," मी म्हटलं.

पाद्रीबाबांनी घसा साफ केला. "झाला का पश्चात्ताप?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीसारखा नव्हता.

मार्सलीनं मान वर केली.

"पुढच्या मे महिन्यात विचारा, पाद्रीबाबा," ती म्हणाली. "त्या दिवशी पेज मात्र घरी खाऊन या. आमच्याकडे थंडच मिळेल."